वराहपालनातील प्रतिजैविके आणि जिवाणूंचा प्रतिरोध (डेन्मार्क)

डुकरांना उपचारासाठी, रोग टाळण्यासाठी आणि पूर्वी वजनवाढीसाठीही प्रतिजैविके दिली जात; त्यातूनच औषधांना न जुमानणारे जिवाणू कळपात वाढले. डेन्मार्कने १९९५ पासून या दोन्ही गोष्टींची सलग नोंद ठेवली आहे, म्हणून तिथला अनुभव विशेष उपयोगी पडतो.

डोसांच्या हिशेबाने सर्वाधिक वापर दूध तोडलेल्या पिल्लांमध्ये होतो. युरोपीय संघात २८ दिवसांआधी दूध तोडता येत नाही. स्वच्छ, निर्जंतुक केलेली वेगळी जागा असल्यास २१ दिवसांपर्यंत सूट मिळते. या वयात आईच्या दुधातील प्रतिपिंडे एकाएकी बंद होतात, जठरातले आम्ल अजून अपुरे असते आणि अनोळखी पिल्लांशी भांडणे सुरू होतात. त्यातच सोयाबीनची जादा प्रथिने न पचता पुढे सरकली की एफ-४ किंवा एफ-१८ तंतूंनी आतड्याला चिकटणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे फावते. पाण्यासारखी हगवण लागते आणि पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते.

औषध बहुधा पिण्याच्या पाण्यातून संपूर्ण गटाला देतात. १० किलोंची २०० पिल्ले म्हणजे २,००० किलो वजन. मात्रा किलोला १० मिलिग्रॅम असेल तर दिवसाला २० ग्रॅम मूळ औषध, म्हणजे ५० टक्के तीव्रतेची ४० ग्रॅम भुकटी लागते. पिल्लू वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतके पाणी पिते, तेव्हा ती सुमारे २०० लिटरमध्ये विरघळवायची. चुका इथेच होतात. वजन अंदाजाने धरले जाते, पाणी पिण्याच्या निपलमधून पाणी सांडते, आणि सर्वांत आजारी पिल्लू सर्वांत कमी पिते. जड पाण्यातले कॅल्शियम टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला बांधून ठेवते. नळीतल्या बुळबुळीत थरात उरलेले औषध कोर्स संपल्यावरही थोडे थोडे झिरपत राहते. अशी अपुरी मात्रा प्रतिरोधी जिवाणूंच्या पथ्यावरच पडते.

वजनवाढीसाठीच्या ॲव्होपार्सिन या प्रतिजैविकावर डेन्मार्कने १९९५ मध्ये बंदी घातली, कारण त्यातून त्याच गटातल्या, माणसांसाठी महत्त्वाच्या व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकॉकस हे आतड्यातले जिवाणू वाढत होते. कोंबड्यांमध्ये हे प्रमाण लवकर उतरले, डुकरांमध्ये मात्र हलेना. तिथे व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोधाचे जनुक आणि टायलोसिनसारख्या मॅक्रोलाइड गटातल्या प्रतिजैविकांना निकामी करणारे जनुक एकाच प्लाझ्मिडवर (एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) होते, आणि टायलोसिन चालूच होते. १९९८ मध्ये त्याचा वापर आटल्यावरच उतार दिसला. १९९९ अखेर वजनवाढीसाठीची सर्व प्रतिजैविके थांबली. नंतर काही वर्षे पिल्लांच्या हगवणीवरील उपचार मात्र वाढले.

२०१० पासून जास्त प्रतिजैविके वापरणाऱ्या फार्मना ताकीद देणारी ‘पिवळे कार्ड’ पद्धत आली. दूध तोडलेल्या पिल्लांसाठी मूळ मर्यादा १०० जनावरांमागे रोज २८ डोसांची होती. ती ओलांडणाऱ्या फार्मला वापर कमी करण्याची मुदत मिळे. पुढे माणसांच्या उपचारात महत्त्वाच्या असलेल्या फ्लुरोक्विनोलोन आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकांच्या डोसाला मोजणीत दहापट भार दिला गेला. कोलिस्टिन घटले आणि त्याऐवजी निओमायसिन हे दुसरे प्रतिजैविक वाढले, हे अपेक्षितच होते. हगवणीचे मूळ कारण जागेवरच होते.

बरीच वर्षे हे कारण झिंक ऑक्साइडने झाकले: दूध तोडल्यावर दोन आठवडे, खाद्याच्या टनाला २,५०० ग्रॅम जस्त (झिंक). पण जस्त मातीत साचते, शिवाय पशुधनातील एमआरएसए-मध्ये (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंमध्ये) जस्त-प्रतिरोध आणि मेथिसिलिन-प्रतिरोध बहुधा जोडीनेच आढळतात. जून २०२२ मध्ये युरोपीय संघात हा औषधी वापर बंद झाला. आता खाद्यातील प्रथिने कमी करणे, बेन्झोइक आम्ल मिसळणे, एकाच वेतातली पिल्ले एकत्र ठेवणे आणि पिल्लांना तोंडावाटे ई. कोलायची लस देणे यांवर भर आहे. दूध उशिरा तोडणे सर्वांत परिणामकारक असले, तरी जागा जास्त लागते आणि वर्षाची वेते घटतात, म्हणून फार्म ते टाळतात.

कोलिस्टिनचा प्रश्न डेन्मार्कपुरता नाही. त्याला निकामी करणारे, प्लाझ्मिडवरून पसरणारे एमसीआर-१ जनुक २०१५ मध्ये चीनमधून, डुकरांसह, नोंदवले गेले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठीच्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

औषध निवडण्याआधी विष्ठेचा नमुना हगवण नुकतीच लागलेल्या, उपचार न झालेल्या पिल्लांचा घ्यावा. औषध चालू असलेल्या पिल्लाच्या नमुन्यात मूळ जिवाणू सापडतीलच असे नाही, आणि कोणते औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या संवेदनशीलता चाचणीचा निष्कर्ष फसवा निघतो.