प्रश्नोत्तराचा तास (बेळगाव अधिवेशन)

प्रश्नोत्तराचा तास म्हणजे विधानसभा किंवा विधान परिषदेच्या कामकाजातला तो वेळ, जेव्हा आमदार प्रश्न विचारतात आणि त्या खात्याच्या मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं. कन्नडमध्ये याला 'प्रश्नोत्तर कलाप' म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ही गोष्ट वर्षातनं एकदाच जवळ येते, डिसेंबरात, कारण तेव्हा कर्नाटकाचं अख्खं सरकार दहाबारा दिवस हलग्याजवळच्या सुवर्णविधानसौधात (विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत) येऊन बसतंय. बाकी वर्षभर हाच तास पाचेकशे किलोमीटरवर बेंगळुरात होतो आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात दोन कॉलम दिसतात, तेही दिसले तर. या नोंदीत पोलीस, पर्यावरण आणि लहान मुलांची देखभाल असे तीनच विषय घेतलेत, कारण तिन्हीवर इकडं प्रश्न भरपूर आहेत आणि तिन्हीत उत्तर मिळायची तऱ्हा एकदम वेगळी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, प्रश्न किती खरा आहे यापेक्षा तो कुठल्या खात्याच्या टेबलावर जाऊन पडला यावर उत्तर जास्त ठरतंय.

तास चालतो कसा

आमदारानं साधारण १५ दिवस आधी लेखी नोटीस द्यायची. ज्याला तारांकित प्रश्न म्हणतात (कन्नडात 'चुक्के गुरुतिन प्रश्ने', चुक्के म्हणजे ठिपका किंवा चांदणी) त्याचं उत्तर तोंडी मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त कागदावर येतं. शिवाय तातडीचा विषय असेल तर अल्पसूचना प्रश्न असतो, पण तो घ्यायला मंत्र्याची तयारी लागते.

खरी मजा उपप्रश्नात असते. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं, मंत्री ते वाचून मोकळे होतात, पण त्यानंतर आमदार उठून विचारतो की मग आमच्या तालुक्यात का नाही, तिथं मंत्र्याला स्वतःच्या डोक्यातनं बोलावं लागतं, गॅलरीत बसलेले अधिकारी चिठ्ठ्या पाठवायला लागतात. हा उपप्रश्नाचा हक्क काय फुकट मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळात प्रश्न विचारायची परवानगी मिळाली पण उत्तरावर पुढं विचारायची मुभा नव्हती, ती १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दिली, तीही फक्त ज्यानं मूळ प्रश्न विचारला त्यालाच. त्या काळात बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे इथला प्रश्न मुंबईत नाहीतर पुण्यात विचारला जायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि प्रश्नाचा पत्ता बदलला, भाषा पण बदलली.

बेळगावात पहिलं अधिवेशन २००६ साली केएलई संस्थेच्या आवारात भरलं. सुवर्णसौधाचं उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी केलं. २०१९ ला पूर आणि २०२० ला कोरोना, म्हणून ती दोन वर्षं इकडं अधिवेशन झालंच नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाशी लोक तुलना करतात, पण नागपूरचं मूळ १९५३ च्या नागपूर कराराच्या शब्दात आहे, बेळगावचं मूळ सीमावादात आहे, हे इकडं शाळकरी पोरग्यालाही ठाऊक असतंय.

उत्तराची भाषा

कर्नाटकातलं छापील उत्तर दोन रकान्यात असतं. डावीकडं प्रश्न (अ, आ, इ करत), उजवीकडं उत्तर. डावीकडं लिहिलेलं असतं, अमुक गोष्ट सरकारच्या लक्षात आली आहे का? उजवीकडं एकच शब्द, 'बंदिदे', म्हणजे आली आहे. पुढं, आली असेल तर काय कारवाई केली? तिथं नियम क्रमांक, परिपत्रक क्रमांक, 'अनुबंधात (म्हणजे मागं जोडलेल्या तक्त्यात) दिलं आहे'. आणि पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं की खालचे सगळे रकाने एका शब्दात साफ, 'उद्भविसुवुदिल्ल'. महाराष्ट्रातले लोक हसतील, कारण त्यांच्याकडंही 'प्रश्न उद्भवत नाही' हेच चालतं आणि वर 'हे अंशतः खरे आहे' अशी एक जादा सोय आहे. प्रश्न तयार करणाऱ्यानं म्हणूनच पहिला भाग असा लिहावा लागतो की 'नाही' म्हणताच येऊ नये. 'पोलीस त्रास देतात हे खरं का' असं विचारलं तर संपलं, 'अमुक ठाण्यात तीन वर्षांत किती तक्रारी नोंदल्या, किती निकाली निघाल्या' असं विचारलं तर आकडा द्यावाच लागतो.

मराठीत बोलायचं काय, हा इकडचा हमखास प्रश्न. घटनेच्या कलम २१० प्रमाणं विधिमंडळाचं काम राज्याच्या भाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतं, आणि या भाषा नीट न येणाऱ्या सदस्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. म्हणजे दार आहे, किल्ली अध्यक्षांकडं आहे. २०२३ मध्ये पुत्तूरचे आमदार सभागृहात तुळूत बोलले आणि अध्यक्ष यू. टी. खादर यांनीही त्यांना तुळूतच उत्तर दिलं होतं, इकडं त्याची बरीच चर्चा झाली. पण मराठी बोलायला आमदार तर हवा. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला दोन आमदार होते, बेळगाव दक्षिण आणि खानापूरचे, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. जिल्ह्यात १८ मतदारसंघ आहेत, त्यात मराठी बोलणारे, मराठी मतांवर निवडून आलेले आमदार आहेत, पण पक्ष राष्ट्रीय असला की प्रश्न पक्षाच्या गाळणीतनं जातो.

पोलीस

पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यांच्या यादीत आहेत, म्हणून दिल्लीकडं बोट दाखवायची सोय गृहमंत्र्याला नाही. तरी गृहखात्याकडं पळवाटा दोन, 'तपास चालू आहे' आणि 'न्यायप्रविष्ट आहे'. सीमावादावर महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात दावा घातलाय त्यामुळं दुसरी पळवाट इकडं फारच कामाला येते.

अधिवेशनाचं आणि पोलिसांचं नातं बेळगावात जरा विचित्र आहे. राज्यभरातनं हजारो पोलीस बंदोबस्ताला येतात, मंगल कार्यालयं भरतात, सौधाजवळ तंबूंचं गावच उभं राहतं. बाहेर समितीचा महामेळावा असतो, २००६ पासनं अधिवेशनाला विरोध म्हणून, त्याला परवानगी नाकारली जाते, व्हॅक्सिन डेपो मैदानाकडं जाणाऱ्यांना ताब्यात घेतात, कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातनं येणाऱ्या नेत्यांना अडवतात. आणि आत त्याच वेळी गृहमंत्री कायदा-सुव्यवस्थेवर उत्तर द्यायलेले असतात. परवानगी का नाकारली हा प्रश्न आत उठून विचारणारा कुणी उरलेला नाही, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गंमत, गंमत म्हणवत नाही खरं.

१५ दिवसांच्या नोटिशीमुळं आज घडलेली गोष्ट या तासात येतच नाही हेही लक्षात ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये अधिवेशन चालू असतानाच बेळगाव तालुक्यातल्या होसवंटमुरीत एका महिलेवर अमानुष प्रकार झाला, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली, गृहमंत्री जी. परमेश्वर तिला भेटायला गेले. १० डिसेंबर २०२४ ला सौधाजवळ पंचमसाली लिंगायतांच्या आरक्षणाच्या आंदोलनावर लाठीमार झाला, त्यावरही सभागृहात रणकंदन झालं. असले विषय शून्य प्रहर, लक्षवेधी नाहीतर नियम ६९ खालच्या चर्चेतनं येतात, आणि गोंधळ सुरू झाला की पहिला बळी प्रश्नोत्तराच्या तासाचाच जातो, प्रश्न पटलावर ठेवले असं समजून पुढं जातात.

पर्यावरण

इथं अडचण वेगळी आहे, एका प्रश्नाला चार मालक. म्हादई नदी घ्या. खानापूर तालुक्यातल्या कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी मलप्रभेकडं वळवायची योजना, २०१८ च्या लवादानं कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यात या दोन नाल्यांचे मिळून ३.९ टीएमसी. हुबळी-धारवाडच्या आमदाराचा प्रश्न असतो काम कधी सुरू करणार, तो जलसंपदा मंत्र्याला. खानापूरच्या माणसाचा प्रश्न असतो आमच्या जंगलाचं आणि मलप्रभेचं काय, तो वनमंत्र्याला. आणि दोघांचं उत्तर शेवटी केंद्राच्या मंजुरीवर जाऊन टेकतं. सभागृहात पहिला प्रश्न पंचवीस वेळा येतो, दुसरा क्वचित, कारण पाणी मागणारे मतदारसंघ जास्त आहेत.

भीमगड अभयारण्याचं तसं नाही, तिथं उत्तर स्पष्ट मिळालं. २०११ मध्ये घोषित झालेलं हे १९० चौरस किलोमीटरचं जंगल, आत गवाळी, आमगाव, तळेवाडी अशी गावं, पावसाळ्यात रस्ता बंद, आजारी माणसाला तिरडीसारखं खांद्यावर घालून आणायचं. २०२३ च्या सरकारातले वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी स्वेच्छेनं बाहेर येणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये देण्याचं धोरण पुढं रेटलं आणि तळेवाडीतनं सुरुवात झाली. पश्चिम घाटाच्या कस्तुरीरंगन अहवालावर मात्र कर्नाटक मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये नकार कळवला. म्हणजे वाघासाठी गाव हलवायचं पण संवेदनशील क्षेत्र नको, हे दोन्ही एकाच खात्याचं धोरण, यावर उपप्रश्न फार रंगला असता.

बळ्ळारी नाल्याचं तर बोलूच नका. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात दर पावसाळ्यात भातात पाणी शिरतं, गाळ काढा म्हणून शेतकरी निवेदनं देऊन दमले, आणि नाला महापालिकेचा की पाटबंधाऱ्याचा, सांडपाणी कुणाचं आणि अतिक्रमण कुणाचं, यातच उत्तर अडकतं.

लहान मुलं

महिला व बालकल्याण खातं आणि हा भाग यांचा योग जुना आहे. निपाणीच्या शशिकला जोल्ले २०१९ ते २०२१ या खात्याच्या मंत्री होत्या, २०२३ मध्ये बेळगाव ग्रामीणच्या लक्ष्मी हेब्बाळकर झाल्या. म्हणजे अंगणवाडीचं उत्तर देणारी बाई आपल्याच रस्त्यावरची, कन्नड-मराठी दोन्ही ऐकणारी. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, कर्नाटकात पहिला प्रकल्प म्हैसूरजवळच्या टी. नरसीपूरचा.

अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात. त्याआधीच्या बाळाला कामाला जाणारी आई कुठं ठेवणार? त्यासाठी २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' काढायचं ठरलं, कूसु म्हणजे तान्हं बाळ, मने म्हणजे घर, रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांसाठी पाळणाघर, आकडा सुमारे ४,००० चा. पण हे ग्रामविकास खात्याचं. त्यामुळं आमदारानं 'पाळणाघर' म्हणून बालकल्याण मंत्र्याला विचारलं की उत्तर येणार, हे माझ्या खात्यात येत नाही. २०२४ मध्ये सरकारी शाळांत एलकेजी-यूकेजी सुरू होणार म्हटल्यावर अंगणवाडी सेविका रस्त्यावर आल्या, कारण मुलं तिकडं गेली तर इकडं कोण, आणि तिथंही शिक्षण खातं एकीकडं, बालकल्याण दुसरीकडं. मराठी गावातल्या अंगणवाडीत सेविका कुठल्या भाषेची, हा प्रश्न तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

उपप्रश्नाची ताकद बघायची तर डिसेंबर २०२५ चं बेळगाव अधिवेशन बघा. गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईला मिळणारे महिना २,००० रुपये, त्यातले फेब्रुवारी-मार्चचे हप्ते मिळाले की नाही यावरून विरोधकांनी पिच्छा पुरवला, आधी दिलेलं उत्तर टिकलं नाही आणि हेब्बाळकरांना सभागृहात दिलगिरी व्यक्त करावी लागली.

कागद येतो कुठनं

सरकारी ऑफिसात विधानसभेच्या प्रश्नाला इंग्रजी आद्याक्षरांनी एलएक्यू म्हणतात, परिषदेचा असला तर एलसीक्यू. नोव्हेंबर संपत आला की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पडतो, 'एलएक्यू, अर्जंट, आज चारच्या आत'. बेंगळुरातनं जिल्ह्याला, जिल्ह्यातनं सीडीपीओला (तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला), तिथनं सुपरवायझरला, आणि शेवटी खानापूरच्या कुठल्यातरी वाडीतल्या सेविकेला, जिच्या एका हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात रेंज शोधणारा मोबाइल. भाड्याची इमारत आहे का, संडास आहे का, नळ आहे का, मुलं किती. आमच्या शेजारची एक ताई सांगते, एका वर्षी तिनं 'नळ आहे, पाणी नाही' असं कळवलं, तर वरनं फोन आला, ताई, फॉर्मात होय किंवा नाही एवढंच आहे, काय टाकू? तिनं सांगितलं, तुम्हीच टाका. छापून आलेल्या अनुबंधात त्या गावापुढं 'होय' होतं.