केबल बसली म्हणजे मीटर जुळलं, असं नाही

जुन्या जपानी मोटारसायकलींबद्दल फिरणारा सल्ला: ‘केबलचा आटा बसला की कुठलंही स्पीडचं मीटर लावा, सुई हलतेच.’ सुई हलते हे खरं, म्हणूनच हा समज टिकलाय. पण ती आकडा बरोबर दाखवेलच असं नाही.

पुढच्या चाकाकडून येणारी केबल मीटरच्या आत एक चुंबक फिरवते. एका किलोमीटरला केबलने किती फेरे घ्यायचे, हे मीटर बनतानाच ठरलेलं असतं. बऱ्याच डायलवर ते बारीक अक्षरात असतं, १४०० किंवा १०००. गाडी १४०० फेरे देत असेल आणि मीटर १००० चं असेल, तर खऱ्या ५० च्या वेगाला सुई ७० वर जाते. उलट जोडी जास्त वाईट: वेग ७०, सुई ५० वर. किलोमीटरचे आकडेही त्याच प्रमाणात चुकतात.

मीटर घेण्याआधी फेरे मोजा. केबल मीटरकडून सोडा, आतल्या तारेला चिकटपट्टीचा झेंडा लावा. पुढच्या टायरवर खडूची खूण करून गाडी दहा फेरे ढकला, अंतर टेपने मोजा. १९ मीटरला झेंडा साधारण साडेसव्वीस वेळा फिरला, तर १४०० चं मीटर. १९ वेळा फिरला, तर १००० चं. टायर मूळ मापाचा नसेल तरी हिशेब चुकत नाही, हा यातला फायदा.

बसवल्यावर नागपूरच्या वर्धा रोडवर सकाळी, रहदारी कमी असताना, एकसारख्या वेगात मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा; मोबाइल मागे बसणाऱ्याच्या हातात द्या. आरपीएम मीटरचं, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचं, प्रमाण वेगळं असतं, ते जुन्या डायलवरूनच घ्या.