वटवाघळाला निपाह का बाधत नाही?

महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्या आणि 2021 साली ही बातमी झाली. तोवर महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. तरी असं काही छापून आलं की वटवाघळं हाकला, त्यांचे वड-पिंपळ तोडा, ही मागणी ठरलेली. ती का चुकीची, हे कळायला आधी या प्राण्याच्या पेशीत डोकवावं लागेल.

निपाह झालेल्या माणसांपैकी 40 ते 75 टक्के दगावतात. तोच विषाणू बाळगणारं फळखाऊ वटवाघूळ मात्र रात्रभर उडतं, पिलं वाढवतं, वर्षानुवर्षं जगतं. याचं मूळ उडण्यात असावं, असं अनेक संशोधक मानतात. उडताना त्याच्या शरीरातला ऊर्जेचा खर्च विश्रांतीच्या पंधरापटीपर्यंत जातो. एवढ्या धगीत पेशींमधल्या डीएनएची मोडतोड होते आणि त्याचे तुकडे केंद्रकाबाहेर सांडतात. केंद्रकाबाहेर डीएनए दिसणं हे पेशीच्या लेखी घुसखोरीचं लक्षण. आपल्या पेशीत अशा वेळी 'स्टिंग' नावाचं प्रथिन धोक्याची घंटा वाजवतं आणि दाह, म्हणजे सूज आणणारी प्रतिक्रिया, सुरू होतो. वटवाघळात ही घंटा तितक्याच जोरात वाजली असती, तर रोजच्या उडण्यानेच ते आजारी पडलं असतं. 2018 मध्ये असं दिसलं की इतर सस्तन प्राण्यांत स्टिंगच्या 358व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल असतं, आणि तपासलेल्या सगळ्या वटवाघळांत ते बदललेलं आहे. घंटा वाजते, पण हळू.

निपाह आरएनए विषाणू आहे, म्हणजे त्याची जनुकं डीएनएची नसून आरएनएची असतात, मग डीएनएच्या घंटेचा इथे काय संबंध? दाह पेटवणारी दुसरी एक यंत्रणा आहे, 'एनएलआरपी3'. तीही वटवाघळात मंद आहे. 2019 च्या प्रयोगांत तीन वेगवेगळे आरएनए विषाणू वापरले, तेव्हा वटवाघळाच्या पेशींत विषाणू कमी झाले नाहीत, फक्त दाह कमी राहिला. निपाहच्या रुग्णाच्या मेंदूची आणि फुप्फुसांची जी हानी होते, तिच्यात विषाणूबरोबर अनावर दाहाचाही वाटा असतो. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळखाऊ वटवाघळात इंटरफेरॉन हे विषाणूरोधक प्रथिन संसर्ग नसतानाही थोडं थोडं तयार होत राहतं. म्हणजे पहारा कायम आणि आरडाओरडा कमी.



विषाणू लाळेतून आणि मूत्रातून बाहेर पडतो, तोही सतत नाही. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या जवळच्या विषाणूवर दीर्घकाळ काम झालं आहे. अधिवास गेला, फुलोरा आला नाही, वटवाघळं उपाशी राहिली की विषाणू सांडण्याचं प्रमाण वाढतं आणि घोड्यांना लागण होते, असं त्यातून दिसलं. झाड तोडून, फटाके लावून वटवाघळं हाकलणं म्हणजे हीच परिस्थिती हातानं निर्माण करणं. वटवाघूळ अशुभ मानणं निराधार आहेच. पण दमा-संधिवातावर त्याचं मांस किंवा तेल वापरणं सरळ धोक्याचं आहे, कारण मारताना आणि सोलताना रक्त, लाळ, मूत्र हाताला लागतंच.

फळांचं सांगायचं तर वटवाघूळ गर चावून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. दातांच्या खुणा असलेलं, कुरतडलेलं, झाडाखाली पडलेलं फळ टाकून द्यावं, गुराडुकरांनाही घालू नये. मलेशियात 1998-99 मध्ये डुक्करपालनाशेजारीच आंब्याची झाडं होती. उष्टी फळं डुकरांनी खाल्ली आणि त्यांच्याकडून रोग माणसांत आला. अखंड फळ धुऊन, सोलून खायला हरकत नाही.

बांगलादेशात वाट वेगळी आहे. तिथे हिवाळ्यात, आपण जिला शिंदी म्हणतो त्याच झाडाचा रस काढतात. संध्याकाळी खोडाच्या शेंड्याजवळची साल तासतात, बांबूची पन्हळ ठोकतात, खाली मडकं टांगतात आणि पहाटे रस कच्चाच पितात. रात्री लावलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांत वटवाघळं ती तासलेली जागा चाटताना आणि तिथेच मुतताना दिसली. रस उकळून केलेला गूळ निर्धोक असतो, उष्णतेने विषाणू मरतो. आंबवल्याने मात्र तो मरेलच असं नाही, कारण ताडीतलं मद्य त्याला पुरे पडत नाही. ताडी पिऊनही तिथे लागण झाली आहे. उपाय स्वस्त आहे: बांबूच्या किंवा तागाच्या काड्यांची झापड झाडाला बांधायची. ती तासलेल्या जागेपासून पन्हळीवरून मडक्याच्या तोंडापर्यंत पोचली पाहिजे. नुसतं मडक्याला फडकं बांधलं, तर वरची चाटलेली साल उघडीच राहते आणि रस तिच्यावरूनच मडक्यात उतरतो.