केसभर ताणलेलं पोलाद

चाक बदलून झालं की शेवटी पान्यावर पाय देऊन एक झोका घ्यायचा, ही पद्धत मी लहानपणापासून पाहत आलो. वडील तसंच करायचे, रस्त्याकडेचा पंक्चरवाला तसंच करतो आणि बरीच वर्षं मीही तसंच केलं. नट जितका आवळलेला तितकं चाक पक्कं, एवढाच हिशेब. चाक गाडीला नेमकं कशामुळे धरून राहतं हे समजलं, तेव्हा मी पान्यावर पाय द्यायचं सोडलं.

चाक ज्या लोखंडी चकतीला टेकून बसतं तो हब. हबमधून चार किंवा पाच स्टड, म्हणजे आटे पाडलेले जाड दांडे, बाहेर येतात, त्यांवर चाक अडकवायचं आणि नट लावायचे. पाहणाऱ्याला वाटतं, गाडीचं ओझं या स्टडांवर लटकलंय, भिंतीतल्या खुंटीवर सदरा लटकावा तसं. तसं असतं तर स्टड फार दिवस टिकले नसते. खरं काम करतं ते हब आणि चाक यांच्यामधलं घर्षण. नटांनी चाक हबवर इतक्या जोरानं दाबलेलं असतं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवरून सरकूच शकत नाहीत.

हा दाब येतो कुठून? नट फिरवला की आटे स्टडला बाहेरच्या बाजूला ओढतात. मध्ये चाक आडवं असल्यामुळे स्टडला बाहेर येता येत नाही, मग तो ताणला जातो. पोलादही रबरासारखं ताणलं जातं, फक्त फारच थोडं. जितकी ओढ जास्त तितकी लांबी जास्त, हा रॉबर्ट हूकनं १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम इथं जसाच्या तसा लागू आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडवर १०० न्यूटन-मीटर (हे पीळ मोजायचं माप) पिळानं नट आवळला, तर स्टडमध्ये साधारण ४ टनांची ओढ तयार होते. नट आणि हब यांच्यामधला स्टड असतो जेमतेम दोन सेंटिमीटर. ४ टनांच्या ओढीनं तो वाढतो सुमारे ०.०५ मिलिमीटरनं. बारीक केसाची जाडी एवढीच असते.

या केसभर लांबीवर आपलं चाक उभं आहे. स्टड म्हणजे ताणून ठेवलेली कडक स्प्रिंग आणि नट म्हणजे ती स्प्रिंग सुटू नये म्हणून लावलेली खिट्टी. योग्य नट निवडायचा आणि नीट बसवायचा म्हणजे हा केस जपायचा.

किती जोर लागतो ते एकदा मांडून बघू. लहान हॅचबॅक आहे, चार नटांची. जोरात ब्रेक मारला की पुढच्या एका चाकाला रस्ता साधारण ३०० किलोच्या बळानं मागे ओढतो. टायरची त्रिज्या २८ सेंटिमीटर आणि स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याची त्रिज्या ५ सेंटिमीटर. तरफेच्या नियमानं हबपाशी ते बळ साडेपाच पटींहून जास्त होतं, म्हणजे १.७ टनांच्या आसपास. आता दुसरी बाजू. चार नटांचा मिळून दाब १६ टन. धातूवर धातूचं घर्षण सावधपणे ०.१५ धरलं तर चाक २.४ टनांपर्यंत सरकणार नाही. एक नट ढिला पडला की ही मर्यादा १.८ टनांवर येते, कशीबशी पुरेल एवढी. दोन ढिले पडले की १.२ टन. मग प्रत्येक जोराच्या ब्रेकला चाक हबवर सूतभर सरकणार.

आणि सरकणं सुरू झालं की पुढचं आपोआप घडतं. नट केवळ हादऱ्यांनी सुटतो असा समज होता. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली प्रयोगांतून दाखवून दिलं की नट सुटायला आडवी हालचाल सर्वांत घातक असते. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून आडवे सरकले की त्या क्षणापुरती आट्यांमधली पकड जवळजवळ नाहीशी होते आणि ताणलेला स्टड नटाला किंचित उलटा फिरवतो. प्रत्येक सरकण्याला थोडा. म्हणून जोड सरकूच न देणं हाच पक्का उपाय. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना मुद्दाम उलटे आटे दिलेले असायचे, चाक फिरताना नट सुटू नयेत म्हणून. ठाऊक नसलेल्या माणसानं तो नट नेहमीच्या दिशेनं सोडवायला जोर लावला की स्टड तुटून हातात यायचा. आजच्या मोटारींना दोन्ही बाजूंना सुलटेच आटे असतात, कारण पुरेसा दाब दिला की उलट्या आट्यांची गरज उरत नाही.

आता नट निवडण्याकडे येतो. इथं तीन गोष्टी जुळाव्या लागतात: आटे, बैठक आणि लांबी. दुकानात सहसा पहिलीच पाहिली जाते, तीही अर्धवट.

आट्यांची खूण एम १२ × १.५ अशी लिहितात. १२ म्हणजे स्टडची जाडी मिलिमीटरमध्ये, १.५ म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. टोयोटा, होंडा आणि ह्युंदाईच्या बहुतेक मोटारींना १.५ चे आटे असतात, सुझुकीला १.२५ चे. फोक्सवॅगनची तर रीतच वेगळी, तिथं नट नसून हबमध्ये जाणारे १४ मिलिमीटरचे बोल्ट असतात. फसगत होते ती अशी की होंडाचा नट आणि मारुतीचा नट दोन्हींना १९ चाच पाना लागतो. हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. पाना बसला म्हणजे नटही बसेल असं मुळीच नाही. नावावरही जाऊ नका. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनो, त्यामुळे तिचे आटे सुझुकीचे, १.२५ चे.

ओळखायची सोपी रीत आहे. शाळेतली पट्टी स्टडला लावा आणि १५ मिलिमीटरमध्ये किती आटे बसतात ते मोजा. १२ भरले तर १.२५ चा, १० भरले तर १.५ चा. चुकीचा नट एक-दोन फेरे गोड बोलून चढतो आणि मग अडकतो. हातानं फिरवत असाल तर ते लगेच कळतं. हवेची गन लावलेली असेल तर काहीच कळत नाही. गन नटाला तसंच पुढे रेटते आणि दोन्हींचे आटे खरवडून काढते. म्हणून नट कोणताही असो, सुरुवातीचे पाच-सहा फेरे बोटांनीच फिरवायचे.

दुसरी गोष्ट बैठक, म्हणजे नटाचा जो भाग चाकाच्या भोकात टेकतो त्याचा आकार. काही नट ६० अंशांच्या शंकूसारखे निमुळते असतात, काहींची बैठक चेंडूसारखी गोल, तर काही सपाट असून त्यांच्याखाली वायसर असतो. हे मी पुरेसं जाणत नव्हतो, त्याचा फटका मला बसला.

माझी जुनी होंडा सिटी. लोखंडी रिम काढून बाजारातले अलॉय व्हील बसवून घेतले. दुकानदारानं जुनेच नट परत लावले आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट नटांचे पैसे वाचले असं वाटलं. तीन-चारशे किलोमीटरनंतर घाटात ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. घरी येऊन पाना लावला तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताच्या साध्या जोरानं फिरले. नट काढून उन्हात धरला. होंडाचा मूळचा नट गोल बैठकीचा, त्या गोलाईवर ॲल्युमिनियमचा रुपेरी चट्टा लागला होता. भोकात बोट घातलं. भोक शंकूच्या आकाराचं होतं आणि त्यात सुतळीएवढ्या रुंदीची एकच चकचकीत रेघ गोल फिरली होती. अख्ख्या उतारावर पसरायचा ४ टनांचा भार त्या एका रेघेवर आला होता. पोलादापुढे मऊ असलेलं ॲल्युमिनियम तिथं चेपलं गेलं. दाबण्याच्या दिशेनं ते पाच शतांश मिलिमीटर चेपलं तरी सगळा केस संपला. नट जागच्या जागी दिसत होते, धरत मात्र नव्हते.

म्हणून नवे अलॉय घेताना त्यांच्या भोकाचा आकार पाहून नटही नवे घ्या, आणि जुने नट जपून ठेवा. स्टेपनी बहुधा जुन्याच लोखंडी रिमची असते. तिला तेच लागतात, पंक्चर झाल्यावर रात्री शोधाशोध नको.

लांबीचं थोडक्यात सांगतो. नटानं स्टडवर निदान स्टडच्या जाडीएवढी लांबी तरी धरलेली असावी. १.५ च्या आट्यांना पूर्ण आठ फेरे, १.२५ ला साडेनऊ-दहा. अलॉयची जाडी लोखंडी रिमपेक्षा जास्त असल्यामुळे फेरे कमी भरू शकतात, ते मोजून पाहावेत. टोपीवाला बंद नट असेल तर उलटा धोका असतो. स्टडचं टोक आत टोपीला आधीच टेकतं, पाना घट्ट लागतो आणि चाक मात्र सैलच राहतं. चाकाचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये बसणारी रिंग घ्या, म्हणजे चाक नट लावण्याआधीच मधोमध बसतं.

बसवताना पहिलं काम सफाईचं. हबवरचा गंज, चाकाच्या मागच्या बाजूची माती, बैठकीवर उडालेला रंग हे सगळं तारेच्या ब्रशनं काढायचं. रिमला हौसेनं रंग मारून घेतला असेल तर त्याचा थर सहज केसापेक्षा जाड होतो. तो दाबाखाली हळूहळू चुरतो आणि तेवढी ओढ कमी होते.

आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. हे अनेकांना पटत नाही, पण कारण सरळ आहे. नट आवळायला लागणाऱ्या जोरापैकी सुमारे नऊ-दशांश जोर नुसता घर्षणात जातो, निम्मा नटाच्या बैठकीखाली आणि उरलेला आट्यांमध्ये. स्टड ताणण्याच्या वाट्याला येतो एक-दशांश. गाडीच्या पुस्तकातला आकडा कोरडे आटे गृहीत धरून दिलेला असतो. तेलानं घर्षण घटलं की तेवढ्याच पिळात स्टड तिसऱ्या हिश्श्यानं जास्त ताणला जाऊ शकतो.

हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो. टोयोटाच्या बऱ्याच मोटारींना १०३ न्यूटन-मीटर, होंडा सिटीला १०८, फोक्सवॅगन पोलोला १२०. १०० न्यूटन-मीटर म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला ३४ किलोचा भार. हातानं नीट जोर दिला की तो होतो. त्याच पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर २०० न्यूटन-मीटरच्या पुढे जातो, आणि १०.९ या मजबूत दर्जाच्या पोलादाचा १२ मिलिमीटरचा स्टड ताणून परत मूळ लांबीवर येण्याची मर्यादा साधारण तिथंच संपते. झोका घेतला तर त्याहून जास्त. अशा स्टडची स्प्रिंग मेलेली असते. तो वरून धडधाकट दिसतो आणि पुढे कधीतरी तुटतो. माझ्या वडिलांच्या गाडीचे दोन स्टड असेच गेले, आणि आम्ही दोष लोखंडाला दिला होता.

नट समोरासमोर आवळत जायचे, पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे, आणि एकदम नाही तर दोन-तीन टप्प्यांत. एका बाजूनं सुरुवात केली तर चाक तिरकं बसतं आणि पुढचा नट ते सरळ करण्यातच आपला जोर घालवतो. शेवटचा पीळ चाक जमिनीला टेकल्यावर.

घाट उतरून आल्यावर लगेच चाक बदलायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. तापलं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हब आणि नट यांच्यामध्ये १५ मिलिमीटर अलॉय असेल आणि ते १०० अंशांनी तापलेलं असेल, तर फरक पडतो ०.०१७ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या केसाचा तिसरा हिस्सा. गरम असताना आवळलेला नट चाक निवल्यावर तेवढा सैलावतो. शक्य असेल तर निवू द्यावं. नसेल तर घरी पोहोचल्यावर पुन्हा पाना लावावा.

नवं अलॉय बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं तेही हा केस जपण्यासाठीच. बैठकीवरचे बारीक उंचवटे पहिल्या काही तासांतच चेपले जातात. शंकूच्या बैठकीचे नवे नट लावून मी ८० किलोमीटर गाडी चालवली, रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पीळ भरला की कट् वाजणारा पाना, १०८ वर लावला. पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट जागेवरच कट् वाजले. चौथ्याला पान्याचं टोक दोन बोटं पुढे सरकलं आणि मग कट् झालं. पाना ४५ सेंटिमीटरचा, आटे १.५ चे. दोन बोटांचा हिशेब केला तर नट पुढे गेला ०.०१९ मिलिमीटर.

केसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त.