टेस्टरचे आठही दिवे लागले, तरी नेट चालेना

वरच्या मजल्यावर नेट न्यायचं म्हणून मी इथरनेटची केबल ओढली आणि दोन्ही टोकांना प्लग क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले. आतल्या आठ तारा लावल्या जोडीला जोडी: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्हीकडे अगदी सारख्या. टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. नेट मात्र घडीत चालू, घडीत गुडूप.

विजेला रंग कुठे कळतात, असं वाटायचं. ते खरंच आहे. माझं चुकलं होतं ते पिळात.

या केबलमधल्या तारा दोन-दोन करून एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. एकीतून सिग्नल जातो, दुसरीतून त्याचाच उलटा सिग्नल, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं. शेजारच्या वायरीतून, मोटारीतून येणारा गोंगाट पिळामुळे दोघींवर जवळपास सारखाच पडतो आणि वजाबाकीत उडून जातो. युक्ती टेलिफोनच्या जमान्यातली आहे; ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली तिचं पेटंट घेतलं. शिवाय चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत शिरत नाही.

आता १०० मेगाबिटच्या इथरनेटला दोनच जोड्या लागतात: एक जोडी प्लगच्या पिन (तारा जोडायच्या आठ धातूच्या पट्ट्या) १-२ वर, दुसरी ३-६ वर. मधल्या ४-५ टेलिफोनच्या जुन्या रिवाजाने निळ्या जोडीला दिलेल्या. म्हणून तारा लावायचा नेहमीचा प्रमाणित क्रम, ज्याला ‘बी’ म्हणतात, असा विचित्र दिसतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला कुशीत घेऊन बसते.

माझ्या ‘सरळ’ क्रमात ३ वर पांढरा-हिरवा आला आणि ६ वर निळा. म्हणजे सिग्नल एका जोडीतला, त्याचा उलटा दुसऱ्याच जोडीतला. पीळ फुकट! टेस्टर बिचारा तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते का, एवढंच बघतो. केबल हातभर असती तर हे खपूनही गेलं असतं.

दोन्ही प्लग कापून टाकले. या वेळी प्लगपाशी पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडला नाही, आणि तपकिरी जोडीही नीट बसवली, कारण गिगाबिटला, म्हणजे दहापट वेगाच्या इथरनेटला, चारही जोड्या लागतात.