वादळात कौलं उडाली? अंगण झाडण्याआधी हे वाचा

दापोली, मंडणगड आणि श्रीवर्धन पट्ट्यातल्या आमच्या ग्राहकांसाठी

वादळ झालं की आमच्याकडे येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "छप्पर गेलं, आजच माणसं पाठवा." माणसं पाठवतो. पण ती पोचेपर्यंत घरच्यांनी अंगण लख्ख करून ठेवलेलं असतं. फुटकी आणि धड कौलं एकाच ढिगात भरून टेम्पोने वहाळाच्या काठाला नेऊन टाकलेली असतात आणि पडवीत बाजारातून आणलेली नवी कोरी कौलं रचलेली असतात. ती त्या घराला बसत नाहीत. मग माणसं चहा पिऊन परत येतात आणि घरावर आणखी चार दिवस पाऊस पडतो.

छपराच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा या आवराआवरीपायी वाया जातो, म्हणून हे पत्रक. वाऱ्याने नेलेलं भरून काढता येतं. आपल्याच हातांनी टाकून दिलेलं मात्र पुन्हा मिळायला फार जड जातं.

कौल उलटं करून बघा

पडलेलं एखादं धड कौल उचला आणि पालथं करा. मागच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि गाव उठवलेलं दिसेल. बाझल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला. त्यानंतर त्या किनाऱ्यावर असे कितीतरी कारखाने उभे राहिले आणि प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा होता. आपण सगळ्यांनाच सरसकट मंगलोरी कौल म्हणतो, पण भारतीय मानकातच त्याची तीन मापं आहेत: 410 बाय 235, 420 बाय 250 आणि 425 बाय 260 मिलिमीटर. जुन्या कारखान्यांची कौलं याहूनही इकडेतिकडे असतात.

एका कौलात सेंटिमीटरभर फरक म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तुमच्या घराच्या रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या लाकडी पट्ट्या, जुन्या कौलाच्या मापाने ठोकलेल्या आहेत. कौलाच्या पाठीवरची दोन नाकं रिपेत अडकली पाहिजेत आणि बाजूची खाच शेजारच्या कौलाच्या खाचेत बसली पाहिजे. दुसऱ्या साच्याचं कौल मध्येच घातलं तर ते एका कोपऱ्यावर उचललेलं राहतं. खालून पाहिलं तर फट दिसतही नाही. पाऊस तिरका आला की पाणी त्या फटीतून आत येतं, आणि पुढच्या वादळात वारा पहिला हात तिथेच घालतो.

म्हणून फोन करताना आम्हाला तीन फोटो हवे असतात: कौलाच्या पाठीचा, अख्ख्या पाख्याचा (छपराच्या एका उतरत्या बाजूचा) आणि घराच्या आतून वर बघून काढलेला. सोबत कौलाची लांबी-रुंदी टेपने मोजून सांगा. घर बांधताना कौलं कुठून आणली होती हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हमखास आठवतं, त्यांनाही विचारा. एवढं कळलं की आमची गाडी रिकामी येत नाही. आमच्या वखारीत जुन्या उतरवलेल्या घरांची कौलं कारखान्याच्या नावाप्रमाणे थप्प्या लावून ठेवलेली आहेत. मंगळूरचे बरेच कारखाने आता बंद पडलेत, त्यामुळे काही नावांची कौलं नव्याने मिळतच नाहीत. ती मिळाली तर अशा जुन्या मालातच मिळतात.

काय ठेवायचं, काय टाकायचं

पडलेली सगळी कौलं गेली असं धरून चालू नका. एक हातात उभं धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. धड कौल खणकन वाजतं. आतून तडा गेलेलं बद्द वाजतं, मग वरून ते कितीही चांगलं दिसो. खणकन वाजणारी एका बाजूला उभी रचून ठेवा, आडवी थप्पी लावू नका, वजनाने खालची फुटतात. शेवाळ धरलेली, काळी पडलेली कौलं टाकाऊ नसतात. घासली की ती पुन्हा वीस-वीस वर्षं चालतात. आढ्यावरचे कोने (छपराच्या माथ्यावर दोन पाखे मिळतात तिथली कौलं) तर एकही टाकू नका, अर्धा तुकडा उडालेला असला तरी राहू द्या. मापासाठी तोच लागतो.

शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. यावरून आपल्याला किती कमी पडतायत याचा अंदाज तुम्हीच बांधू शकाल. आमच्या आकड्याशी ताडून बघायलाही तो उपयोगी पडेल, आमची हरकत नाही.

आवराआवरीआधी पंचनामा

दुसरं कारण सरकारी आहे. तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात तेव्हा झाडलेलं अंगण आणि ताडपत्रीने झाकलेलं छप्पर बघून त्यांनी काय लिहायचं? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत घराची पडझड किमान 15 टक्के असावी लागते. 2022 पासूनच्या दरांत अंशतः पडझडीला पक्क्या घरासाठी 6,500 आणि कच्च्या घरासाठी 4,000 रुपये आहेत. निसर्ग वादळानंतर केलं तसं, मोठ्या आपत्तीत शासन स्वतंत्र निर्णय काढून रक्कम वाढवतं. पण 15 टक्के दाखवायचे तर पडलेला माल समोर पाहिजे.

याचा अर्थ पंचनामा होईपर्यंत घरात पाणी गळू द्यायचं असा कोणी घेऊ नये. आधी फोटो काढा: चारही बाजूंनी, घर क्रमांकाची पाटी दिसेल असे, आणि घरात भिजलेल्या सामानाचेही. मग झाका. पडलेला माल अंगणाच्या कडेला राहू द्या. घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, त्यांचा सर्व्हेअरही हेच विचारतो. पंचनाम्याला नमुना आठचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, आधार आणि पासबुकाची प्रत लागते.

घर आजोबांच्या नावावर आणि वारस मुंबई-पुण्याला, असं आपल्याकडे दर दुसऱ्या घरात असतं. तेव्हा कोणाच्या खात्यावर पैसे घ्यायचे हे आधी आपापसात ठरवून घ्या. काम चालू असताना आमच्या मिस्त्रीला धाकट्या काकांचा फोन येतो, "मला न विचारता कोणी हात लावायला सांगितला?" मिस्त्री शिडीवर उभा असतो हो, त्याने काय उत्तर द्यावं!

ताडपत्री कशी टाकावी

बहुतेक जण ताडपत्री भोकापुरती टाकतात. मग वरच्या कौलांवरून वाहत आलेलं पाणी ताडपत्रीच्या वरच्या कडेखाली शिरतं आणि घरात अधिकच गळतं. इरलं डोक्यावरून पाठीवर येतं तशी ताडपत्री आढ्यावरून घेऊन पलीकडच्या पाख्यावर हातभर तरी उतरली पाहिजे. दोन्ही टोकांना वाळूने अर्धी भरलेली पोती दोरीने लोंबती बांधा. सुटे चिरे किंवा दगड वर ठेवू नका. वाऱ्याने ते घसरतात आणि खालची चार कौलं फोडतात, शिवाय खाली कोणाच्या डोक्यात पडतील ते वेगळंच. कौलांतून खिळा ठोकून ताडपत्री बसवणारेही भेटतात. त्यांच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही.

वर चढण्याआधी मेन स्विच बंद. घरावर तार पडली असेल तर महावितरणचा माणूस येईपर्यंत शिडीसुद्धा भिंतीला टेकवू नका, पत्र्याच्या घरात तर नाहीच. ओल्या कौलांवर शेवाळ असतं, तिथे सवयीचा माणूसही घसरतो. आणि सिमेंटच्या पत्र्यावर सरळ पाय देऊ नका. तो आपलं वजन झेलत नाही. बोल्टांच्या रांगेखाली आधार असतो, तिथे फळी आडवी टाकून फळीवरूनच चालायचं. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तुकडे आवरताना आधी पाणी मारून ओले करा, नाकाला फडकं नको, चांगला मास्क लावा, आणि करवतीने कापू नका. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पत्रा की कौल?

3 जून 2020 ला निसर्ग आलं तेव्हा ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा होता. त्यानंतर बाजारात पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात. त्यात लॉकडाऊन, कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते येऊन गेलं. तेव्हापासून हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो, आणि आम्ही दोन्ही कामं करतो म्हणून मोकळेपणाने सांगतो.

वारा छप्पर दाबून मोडतो असा समज आहे. वारा छप्पर उचलतो. पाख्यावरून वेगाने जाणारी हवा वरून ओढते आणि पडवीत किंवा फुटलेल्या खिडकीतून शिरलेली हवा खालून ढकलते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हा उचलता जोर कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असतो. म्हणून पडवी पहिली जाते, मग कडेची रांग, मग कोने.

कौलारू घरात हवेला फटीफटींतून वाट मिळते. जोर बसला की पाच-पन्नास कौलं जातात, सांगाडा सहसा राहतो. पत्र्याचं तसं नाही. नीट आवळलेला पत्रा कौलापेक्षा टिकतो, पण एक कड सुटली की लागोपाठ अख्खा पाखा उठतो आणि शेजाऱ्याच्या पोफळीत जाऊन पडतो. गच्चीवरच्या शेड सगळ्यात आधी उडतात, कारण त्या चारी बाजूंनी उघड्या असतात आणि खांब नुसते स्लॅबवर टेकवलेले असतात.

तेव्हा खरा प्रश्न कशाने बांधलंय हा आहे. बऱ्याच मंगलोरी कौलांच्या पाठीवर भोक पाडलेला छोटा कान असतो, तो तार ओवण्यासाठी दिलेला आहे. आमच्याकडे कडेच्या दोन रांगा आणि पडवीची सगळी कौलं गंज न धरणाऱ्या तारेने रिपेला बांधली जातात. याला वेळ लागतो आणि आमचा दर इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो तो यामुळेच. पत्र्याला स्क्रू किंवा J आकाराचे बोल्ट नळीच्या (पत्र्यावरच्या लाटेच्या) उंचवट्यावर मारतो, खोलगट भागात मारला की पाणी तिथेच साचतं. प्रत्येक बोल्टाला वायसर, तोही बेताने आवळलेला. फार आवळला की पत्रा दबतो आणि भोकाभोवती खळगी होते. आडवा जोड दीड नळीचा ठेवतो. पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पत्रे चढवायला सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करतो, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही. दुसऱ्या कोणाकडून काम करून घेत असाल तरी या गोष्टी विचारून घ्या.

आम्ही असं का करतो

फोनवर दर का सांगत नाही, अशी तक्रार असते. कौलं मोजून सांगता येतील हो, लाकूड मोजून सांगता येत नाही. वाशाचं (छपराच्या तिरप्या लाकडाचं) भिंतीत गेलेलं टोक वरून ठणठणीत दिसतं आणि पेचकस टोचला की अर्धा इंच आत जातो. चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि ते टोक वर्षभर ओलं राहतं, त्यात वाळवी. अशा वाशावर नवी कौलं चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. म्हणून आधी येऊन बघतो. येण्याचं शुल्क घेतो, ते काम दिल्यास बिलातून वजा होतं.

दुसरी तक्रार, पावसात पक्कं काम का करत नाही? भिजलेलं लाकूड फुगतं, ठोकलेल्या रिपा सुकल्यावर सैल होतात. कोन्यांचा गिलावाही पावसात धड धरत नाही. पावसाळ्यात घर गळणार नाही इतपत काम करून देतो, कोने आणि लाकडाचं पक्कं काम दिवाळीनंतर. दोन फेऱ्या होतात हे खरं, पण तात्पुरत्या कामात चढवलेल्या कौलांचे पैसे दुसऱ्यांदा लावत नाही.

वादळानंतर नंबर कसा लागतो, हेही विचारतात. ज्या घरात माणसं राहतायत आणि वरून पाणी येतंय, ते घर आधी. त्यात लहान मूल, आजारी किंवा वयस्क माणूस असेल तर त्याच्याही आधी. बंद घरांचा नंबर नंतर, मालकाने मुंबईहून कितीही वेळा फोन केला तरी. मात्र बंद घराची किल्ली गावात कोणाकडे आहे आणि निर्णय कोण घेणार, ही दोन नावं आधीच आमच्याकडे लिहून ठेवली असतील तर तुम्हाला सुट्टी टाकून यावं लागत नाही. आम्ही फोटो पाठवतो, तुम्ही तिथून होकार द्या.

एप्रिल-मे महिन्यात शाकारणी (पावसाआधी कौलं काढून पुन्हा नीट बसवणं) करून घेणाऱ्यांची तारीख आम्ही होळीनंतर लिहून घेतो. त्याच वेळी कडेची तार, पन्हळीतला पालापाचोळा आणि वाशांची टोकं बघून होतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शाकारणी आमच्याकडे असलेल्या घरांसाठी त्यांच्याच कारखान्याची थोडी कौलं वखारीत नावाने बाजूला ठेवतो. मृग लागल्यावर फोन केलात तर शाकारणीची तारीख देता येत नाही, तेव्हा आमची सगळी माणसं ताडपत्र्यांमागे धावत असतात.