एकाच शेअरचे दोन पीई का दिसतात? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

निकालांचा हंगाम सुरू झाला की आमच्या कार्यालयात एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "एका साइटवर पीई २५ दाखवतोय, दुसरीवर ५०. खरा कुठला?" हा फोन बहुतेक वेळा बाजार उघडल्या उघडल्या, सव्वानऊ ते साडेदहाच्या गर्दीत येतो आणि पाठोपाठ विचारणा असते, "मग विकून टाकू का?" अशा घाईत दिलेलं उत्तर तुमच्या पैशाच्या दृष्टीने बरं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून देत आहोत. पीई (शेअरचा भाव भागिले ईपीएस), ईपीएस (एका शेअरमागे कंपनीचा नफा), तिमाही निकाल हे तुम्हाला माहीत आहे असं धरलं आहे.

बहुतेक वेळा दोन्ही आकडे बरोबर असतात. एक स्टँडअलोन निकालावरून काढलेला असतो, दुसरा कन्सॉलिडेटेड निकालावरून. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचा पगार वेगळा आणि सगळ्या घराची मिळकत वेगळी, तसंच हे आहे. स्टँडअलोन म्हणजे फक्त त्या कंपनीचा हिशेब, कन्सॉलिडेटेड म्हणजे तिच्या उपकंपन्या धरून सगळा हिशेब. समजा शेअरचा भाव १,००० रुपये आहे. स्टँडअलोन ईपीएस २० रुपये असेल तर पीई ५० येतो. कन्सॉलिडेटेड ईपीएस ४० रुपये असेल तर तोच पीई २५ येतो. कंपनी तीच, भाव तोच.

आपल्या पुण्याच्या बजाज फिनसर्व्हचं उदाहरण घ्या. ही होल्डिंग कंपनी आहे. खरा धंदा बजाज फायनान्स आणि विमा कंपन्यांमधून चालतो. फिनसर्व्हच्या स्टँडअलोन निकालात मुख्यतः या कंपन्यांकडून आलेला लाभांश दिसतो, त्यामुळे त्यावरून काढलेला पीई भलताच मोठा येतो आणि ग्राहक म्हणतात, "एवढा महाग शेअर कोण घेतं?" अशा कंपनीचा स्टँडअलोन पीई पाहून निर्णय घेऊच नका.

इथे आणखी एक खाच आहे. फिनसर्व्हकडे बजाज फायनान्सचे निम्म्याहून थोडेच जास्त शेअर्स आहेत, तरी कन्सॉलिडेटेड निकालात बजाज फायनान्सचा नफा आधी पूर्ण धरला जातो आणि बाहेरच्या भागधारकांचा वाटा खाली वेगळा दाखवला जातो. त्यामुळे नफ्याचा पहिला मोठा आकडा उचलून त्याला शेअर्सच्या संख्येने भागू नका. थोडं खाली 'ॲट्रिब्युटेबल टू ओनर्स' अशी ओळ असते. तुमचा नफा तो. छापलेला ईपीएसही त्याच ओळीवरून काढलेला असतो, म्हणून स्वतः भागाकार करण्यापेक्षा ईपीएसची ओळच वाचा.

ही गल्लत फक्त एकेका शेअरपुरती नाही. एनएसईने ३१ मार्च २०२१ पासून निफ्टीचा पीई कन्सॉलिडेटेड नफ्यावरून काढायला सुरुवात केली. त्याआधी तो स्टँडअलोनवरून काढत. आदल्या दिवशी सुमारे ४० असलेला पीई त्या दिवशी सुमारे ३३ झाला. बाजार काही तेवढा पडला नव्हता. तरीही २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे पीई एकाच तक्त्यात मांडून "निफ्टी आता स्वस्त झाला" असे मेसेज फिरतात आणि आमचे काही ग्राहक त्यावर एसआयपी वाढवायला किंवा थांबवायला निघतात. त्या तक्त्यावर विसंबू नका.

आता हे बघायचं कुठे? स्क्रीनर ही साइट आम्ही सगळ्यांना सुचवतो. फुकट आहे आणि साधारण दहा वर्षांचे आकडे एका पानावर मिळतात. कंपनीचं पान उघडून 'क्वार्टर्ली रिझल्ट्स'पर्यंत खाली या. शीर्षकाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की खालचे आकडे कन्सॉलिडेटेड आहेत की स्टँडअलोन, आणि शेजारीच दुसऱ्या प्रकाराची लिंक असते. ही बारीक ओळ वाचायला दोन सेकंद लागतात. ती न वाचल्यामुळे आमच्याकडे अर्ध्या तासाची चर्चा होते. मनीकंट्रोलवरही निकालांसाठी दोन वेगळे टॅब आहेत. कुठलीही दोन पानं शेजारी ठेवण्याआधी दोन्हीकडे एकच प्रकार निवडला आहे ना, हे बघा.

तरी आकडे जुळले नाहीत, तर मूळ कागद उघडा. बीएसईच्या साइटवर कंपनीचा सहा आकडी कोड टाका (बजाज फिनसर्व्हचा ५३२९७८) आणि घोषणांच्या पानावरून निकालाची पीडीएफ उतरवून घ्या. तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचे ऑडिट केलेले निकाल ६० दिवसांत देण्याचं बंधन सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) नियमांत आहे. एप्रिल २०१९ पासून उपकंपन्या असलेल्या कंपन्यांना दर तिमाहीला कन्सॉलिडेटेड निकालही द्यावाच लागतो. त्या पीडीएफमध्ये सुरुवातीला ऑडिटरची पत्रं असतात, ती ओलांडून तक्त्यावर या. तक्त्याचं शीर्षक वाचा. मग उजवीकडचा कोपरा बघा. तिथे आकडे लाखांत, कोटींत की मिलियनमध्ये हे लिहिलेलं असतं. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, हे डोक्यात असू द्या.

शेवटी 'एक्सेप्शनल आयटम्स' ही ओळ, म्हणजे नेहमीच्या धंद्याबाहेरचा, एकदाच होणारा नफा किंवा तोटा. आयटीसीने हॉटेलचा व्यवसाय वेगळा केला, तेव्हा २०२४-२५ च्या शेवटच्या तिमाहीत त्यापोटी सुमारे १५ हजार कोटी रुपयांचा कागदोपत्री नफा दिसला. तो धरून काढलेला पीई एकदम स्वस्त दिसतो, पण सिगारेट-बिस्किटांच्या विक्रीतून हे पैसे आलेले नाहीत आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा येणारही नाहीत. वर्ष किती महिन्यांचं धरलं आहे हेही बघा. नेस्ले इंडियाने आर्थिक वर्ष बदललं, तेव्हा जानेवारी २०२३ ते मार्च २०२४ असं १५ महिन्यांचं वर्ष धरलं. त्या वर्षाची वाढ टक्क्यांत मोजली तर चुकीचीच निघणार.

भाव अचानक निम्मा दिसला, तर घाबरून फोन करण्याआधी 'कॉर्पोरेट ॲक्शन्स' (बोनस, विभाजन, लाभांश यांची यादी) बघा. रिलायन्सचा २०२४ चा एकास एक बोनस (एका शेअरमागे एक शेअर फुकट) झाला, त्याची रेकॉर्ड तारीख, म्हणजे बोनस कुणाला मिळणार हे ठरवणारी तारीख, २८ ऑक्टोबर होती. त्या दिवशी भाव निम्मा दिसत होता आणि वाढीव शेअर्स अजून डीमॅटला दिसत नव्हते. नुकसान कुणाचंच झालं नव्हतं.

प्रवर्तकांनी किती शेअर्स तारण ठेवले आहेत, हे शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कुणाकडे किती शेअर्स याचा तक्ता) दिसतं आणि तो तिमाही संपल्यावर २१ दिवसांत येतो. छोट्या कंपनीवर कर्ज किती हे समजून घ्यायचं असेल, तर क्रिसिल, इक्रा, केअर या कर्जाला रेटिंग देणाऱ्या संस्थांच्या साइटवर रेटिंगमागची कारणं फुकट वाचायला मिळतात. आमच्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित कागद आहे. कंपनी ज्या अडचणी गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात सांगत नाही, त्या इथे साध्या भाषेत लिहिलेल्या सापडतात.

"तुम्ही टिप का देत नाही?" असं काही जण नाराजीने विचारतात. आम्ही ब्रोकरचे अधिकृत प्रतिनिधी आहोत. शेअरवर संशोधन करून सल्ला विकायला सेबीकडे वेगळी नोंदणी लागते आणि तो नोंदणी क्रमांक 'आयएनएच' या अक्षरांनी सुरू होतो. टेलिग्रामवर टिप देणाऱ्याला आधी हा क्रमांक विचारा आणि सेबीच्या साइटवर तपासून घ्या. आमचं ब्रोकरेज मोबाइल ॲपवाल्यांपेक्षा थोडं जास्त आहे, हे आम्ही कधी लपवलेलं नाही. त्या बदल्यात समोर बसून निकालाची पीडीएफ ओळीने ओळ समजावून देणारा माणूस तुम्हाला इथे मिळतो, आणि खातं आमच्याकडे नसलेल्या तुमच्या नातेवाइकांनाही आम्ही परत पाठवत नाही.

तेव्हा एक विनंती. पीईचा प्रश्न असेल तर साडेतीननंतर फोन करा आणि त्याआधी साइटवर वर सांगितलेली बारीक ओळ वाचून ठेवा. शनिवारी सकाळी कार्यालय फक्त याच कामासाठी उघडं असतं. येताना कंपनीचं नाव, दोन्ही साइटवरचे आकडे आणि जमलं तर निकालाची पीडीएफ मोबाइलवर उतरवून आणा. पीडीएफ सापडली नाही तर तसेच या, इथे मोठ्या स्क्रीनवर शोधू.